एचपीएलसीवर आरटी सरकते, प्रेशर नाचतं: कॉलम बदलण्याआधी काय तपासावं

लक्षणं

एचपीएलसी म्हणजे द्रवातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणारं मशिन. त्यावर सिस्टिम सुटॅबिलिटीची, म्हणजे मशिन नमुन्यांसाठी तयार आहे का हे पाहण्याची, पाच इंजेक्शनं लागली आहेत. मुख्य पीक (आलेखावरचं शिखर) पहिल्यात ८.० मिनिटांना आला, दुसऱ्यात ८.१ला, चौथ्यात ८.४ला; हा वेळ म्हणजेच आरटी, रिटेन्शन टाइम. एरवी १४० बारला चिकटून असणारं प्रेशर १२५ ते १५० च्या मध्ये नाचतंय. बेसलाइनवर बारीक, एकसारख्या लाटा दिसतात. पर्ज केलं (लाइन जोराने वाहती करून धुतली) की थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं आणि मग पुन्हा तेच. कधी प्रेशर एकदम शून्यावर येऊन पंप बंद पडतो आणि रात्री लावलेली सीक्वेन्स (इंजेक्शनांची मालिका) सकाळी अर्धवट सापडते.

फार्माच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) काम करणाऱ्या प्रत्येकाला यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. हा बिघाड मी इतक्या मशिनींवर काढला आहे की एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो: दोष बहुतेक वेळा मोबाइल फेजच्या (कॉलममधून ढकलल्या जाणाऱ्या द्रवाच्या) बाटलीपासून पंप हेडपर्यंतच्या भागात असतो. तरी पहिला हात जातो कॉलमकडे, कारण तो समोर दिसतो आणि दोन नट सोडले की बदलता येतो. कॉलम बदलताना आपण लाइन पर्ज करतो, सिस्टिम पुन्हा स्थिर होऊ देतो, म्हणून तात्पुरता फरकही पडतो. मग चांगला कॉलम 'खराब' असा शेरा मारून कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी नव्या कॉलमवरही आरटी सरकायला लागते. हजारो रुपयांचा कॉलम असा वाया जाताना पाहून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

खालचं सगळं सी-१८ (नेहमीची रिव्हर्स फेज भरणी), २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉनचा कॉलम आणि मिनिटाला १ मिली फ्लो धरून सांगितलं आहे. तपासण्या फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर. हात लावण्याआधी चालू सीक्वेन्स का थांबवली हे वेळेसह लॉगबुकात लिहा. 'बघू तरी' म्हणून नोंद न करता इंजेक्शन मारू नका. ऑडिटच्या वेळी त्या एका इंजेक्शनचा खुलासा देणं बिघाड काढण्यापेक्षा जड जातं.

हातात काहीही न घेता: क्रोमॅटोग्राम वाचा

सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. पहिलं चांगलं इंजेक्शन आणि सरकलेलं इंजेक्शन एकावर एक ठेवा. मुख्य पीक क्षणभर विसरा आणि सुरुवातीचा, कॉलममध्ये न थांबता बाहेर पडणारा पीक बघा. म्हणजेच टी-झिरो. या मापाच्या कॉलमवर तो साधारण अडीच मिनिटांना येतो.

टी-झिरो आणि मुख्य पीक दोघेही एकाच प्रमाणात उशिरा आले असतील, म्हणजे २.५ चा २.६३ आणि ८.० चा ८.४ झाला असेल, तर फ्लो कमी पडला आहे. दोन्हींत पाच टक्के वाढ म्हणजे पंप ठरलेल्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी ढकलतोय. याला दुसरा पुरावाही तिथेच मिळतो. यूव्ही डिटेक्टरवर फ्लो कमी झाला की नमुना सेलमध्ये जास्त वेळ राहतो, म्हणून पीकचं क्षेत्रफळही जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी वाढतं. आरटी आणि एरिया हातात हात घालून वाढले, तर कॉलम निर्दोष आहे. पंप, लाइन किंवा गळती शोधा.

टी-झिरो जागेवर आहे, एरियाही तेवढाच आहे आणि फक्त मुख्य पीक सरकला, तर फ्लो ठीक आहे. मग मोबाइल फेजचं प्रमाण, पीएच, तापमान किंवा खरोखरच कॉलम यांपैकी काहीतरी बदललं आहे. प्रमाणाचा परिणाम किती मोठा असतो याची कल्पना अनेकांना नसते. रिव्हर्स फेजमध्ये ऑरगॅनिक (मिथेनॉलसारखं द्रावक) १० टक्क्यांनी कमी केलं की रिटेन्शन फॅक्टर (टी-झिरोच्या तुलनेत घटक कॉलममध्ये किती थांबतो ते) ढोबळमानाने तिप्पट होतो. म्हणजे फक्त १ टक्का मिथेनॉल कमी पडलं तरी ८.० चा पीक ८.६ च्या आसपास जातो.

सरकण्याची दिशाही बघा. दर इंजेक्शनला थोडं थोडं एकाच दिशेने सरकत जाऊन शेवटी स्थिरावतंय का? मग बिघाड नाही, कॉलम अजून स्थिर झालेला नाही. हेप्टेन सल्फोनेटसारखा आयन पेअर रिएजंट (भारित घटकांना कॉलमवर थांबवणारं रसायन) असेल तर साध्या मोबाइल फेजपेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. आरटी कधी पुढे, कधी मागे, काही नेम नाही, असं असेल तर बुडबुडा, चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) किंवा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचा (बाटल्यांतले द्रव ठरल्या प्रमाणात मिसळणाऱ्या झडपेचा) संशय धरा.

बाटली

आता बाटलीकडे या. झाकण सैल करून बघा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण झाकणाला हवेचं छिद्र नसेल किंवा त्यावर पॅराफिल्म घट्ट गुंडाळली असेल तर जसजशी मोबाइल फेज खाली जाते तसतसा आत निर्वात तयार होतो, पंपाला ओढायला त्रास होतो आणि लाइनमध्ये बुडबुडे सुटतात. बाटल्या मशिनच्या डोक्यावरच्या ट्रेमध्येच ठेवा, शेजारच्या ओट्यावर नाही. पंपाच्या वर असल्या की द्रव स्वतःच्या वजनाने खाली येतो.

मग मोबाइल फेज बनवणाऱ्याला विचारा की ती नेमकी कशी बनवली. ५०० मिली मिथेनॉल आणि ५०० मिली पाणी वेगवेगळं मोजून एकत्र केलं तर १००० मिली भरत नाही, साधारण तीन ते चार टक्के कमी भरतं. एका पाळीतल्या माणसाने असं वेगवेगळं मोजून मिसळलं आणि दुसऱ्या पाळीतल्या माणसाने ५०० मिली मिथेनॉल घेऊन पाण्याने खुणेपर्यंत भरलं, तर दुसऱ्याच्या बाटलीत पाणी जास्त गेलं. दोघांनीही लॉगबुकात '५०:५०' असंच लिहिलेलं असतं, आणि पाळी बदलली की आरटी बदलते. मेथडमध्ये जी पद्धत अभिप्रेत आहे तीच सगळ्यांनी वापरायची.

अ‍ॅसिटोनायट्राइलचं वेगळं. ते पाण्यात मिसळलं की मिश्रण गार होतं, बाटलीला हात लावला तरी कळतं. गार मिश्रण लगेच डिगॅस करून (विरघळलेली हवा काढून) मशिनवर चढवलं तर ते खोलीच्या तापमानाला येताना पुन्हा बुडबुडे सोडतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळा आणि सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडच्या टाकीत ठेवा).

पीएच ऑरगॅनिक घालण्याआधी, फक्त बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या पाण्यातल्या द्रावणाचा) मोजायचा. मिश्रणात इलेक्ट्रोड बुडवून येणारा आकडा आणि बफरचा खरा पीएच एक नसतात. मीटरचं कॅलिब्रेशन आजचं आहे ना? मॉलिक्यूलचा पीकेए (ज्या पीएचला त्याचा अर्धा भाग आयनरूपात असतो तो) मोबाइल फेजच्या पीएचच्या जवळ असेल तर ०.१ चा फरकही आरटी हलवतो.

आणि जुन्या बाटलीत नवा बफर ओतून भर घालू नका, कधीही नाही. फॉस्फेट बफर तटस्थ पीएचच्या आसपास असेल तर दोन-तीन दिवसांत त्यात जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि तीच पुढच्या तपासणीचं कारण बनते.

सिंकर आणि लाइन

पंपाच्या इनलेटला जोडलेली लाइन सोडा आणि तिचं टोक बाटलीच्या पातळीपेक्षा बरंच खाली धरा. सायफनने द्रव अखंड वाहिला पाहिजे. थेंब थेंब पडतोय किंवा मध्येच थांबतोय, तर सिंकर (बाटलीत बुडालेला, लाइनच्या टोकाचा फिल्टर) चोक झाला आहे. पंप भुकेला राहतोय, म्हणून तो ओढताना द्रवातली हवा सुटते आणि प्रेशर नाचतं. पर्ज केल्यावर थोडा वेळ बरं वाटण्याचं हेच कारण: साठलेले बुडबुडे निघून जातात, मूळ अडथळा तसाच राहतो.

खात्री करायची तर गाळलेल्या मोबाइल फेजमध्ये सिंकर काढून थोडा वेळ पंप चालवून बघा. प्रेशर स्थिर झालं तर निदान झालंच. स्टीलचा सिंकर आधी पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपेनॉलमध्ये सोनिकेट करा. काचेचा सिंकर मात्र सोनिकेटरमध्ये टाकू नका, त्याचे कण सुटून पंपात जातात. घाण निघतच नसेल तर नवा घ्या. पंपाच्या दुरुस्तीपुढे सिंकरची किंमत नगण्य आहे.

लाइन उजेडात धरून बघा. बारीक बुडबुडे टेफ्लॉनच्या नळीतून ओळीने सरकताना दिसले तर ते कुठून सुरू होतात ते शोधा. सिंकरपाशी सुरू होत असतील तर सिंकर. डिगॅसरच्या (द्रवातली हवा काढणाऱ्या भागाच्या) आधी असून नंतर नसतील तर डिगॅसर त्याचं काम करतोय. डिगॅसरच्या नंतरही येत असतील तर एक तर त्याचा व्हॅक्यूम जातोय किंवा एखाद्या नटमधून हवा ओढली जातेय. ओढणाऱ्या बाजूला गळती असली तर द्रव बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून तिथे टिश्यू कोरडा राहिला तरी निश्चिंत होऊ नका.

पर्ज, पण नीट

पर्ज व्हॉल्व्ह उघडून मिनिटाला ४-५ मिलीने प्रत्येक लाइन पाच मिनिटं स्वतंत्र चालवा. हट्टी बुडबुड्यासाठी आयसोप्रोपेनॉल चांगलं, कारण ते पाणी आणि ऑरगॅनिक दोन्हींत मिसळतं आणि नळीच्या भिंतीला चिकटलेली हवा सोडवतं. पण लाइनमध्ये बफर असताना थेट आयसोप्रोपेनॉल लावू नका. मीठ तिथल्या तिथे बाहेर पडेल आणि चेक व्हॉल्व्हमध्ये बसेल. आधी साधं पाणी, मग आयसोप्रोपेनॉल, मग पुन्हा पाणी आणि शेवटी मोबाइल फेज. आयसोप्रोपेनॉल पाण्यापेक्षा दुपटीहून घट्ट आहे, म्हणून या वेळी कॉलम जोडलेला नसावा आणि पर्ज बंद करून चालवायचं असेल तर फ्लो कमी ठेवा.

याच वेळी पर्ज उघडा असताना फ्लो शून्य करा आणि प्रेशरचा आकडा बघा. तो शून्याच्या जवळ यायला हवा. येत नसेल तर सेन्सर सरकला आहे आणि आतापर्यंत ज्या आकड्यावर विश्वास ठेवला तोच चुकीचा होता. हे काम सर्व्हिस इंजिनिअरचं.

गळती

टिश्यू पेपरची बारीक वळी करा आणि एकेका जोडाला टेकवा: पंप आउटलेट, ऑटोसॅम्पलरची आत-बाहेरची फेरूल (नळी जोडात घट्ट बसवणारी कडी), कॉलमची दोन्ही टोकं, डिटेक्टरचं इनलेट. गळती लहान असली की थेंब दिसतच नाही, बाहेर येताच वाळतो. बफर असेल तर जोडाभोवती पांढरी पावडर दिसते. पंप हेडच्या खालच्या बाजूला, प्लंजर (पंपाचा मागेपुढे सरकणारा दांडा) आत जातो तिथे, आरसा धरून बघा. तिथला पांढरा थर म्हणजे सील झिजलं आहे.

फेरूल गळत असेल तर नट पाव वळण घट्ट करा, त्याहून जास्त नको. तरी थांबत नसेल तर फेरूल बदला. एका कॉलमसाठी बसवलेली फेरूल दुसऱ्या कंपनीच्या कॉलममध्ये घातली तर नळी तळापर्यंत पोचत नाही. मग गळती किंवा मध्ये मोकळी जागा, आणि त्या जागेमुळे पीक रुंद होतो.

फ्लो मोजा

१० मिलीचा ए क्लास व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आणि स्टॉपवॉच घ्या. डिटेक्टरच्या आउटलेटची नळी फ्लास्कमध्ये धरा. मिनिटाला १ मिली असेल तर खुणेपर्यंत भरायला १० मिनिटं लागायला हवीत. साडेदहा लागली तर क्रोमॅटोग्रामवर वाचलेला पाच टक्के तोटा इथे डोळ्यांनी दिसला. कॉलम जोडलेला ठेवूनच मोजा. प्रेशर नसताना गळकं सील आणि सुस्त चेक व्हॉल्व्हही नीट काम केल्यासारखे वागतात.

तापमान

टी-झिरो जागेवर असून मुख्य पीक सरकत असेल तर ओव्हनचा आकडा बघा. एका अंशाने साधारण एक ते दोन टक्के रिटेन्शन बदलतं. बरेच साधे कॉलम ओव्हन फक्त तापवतात, गार करत नाहीत. सेट पॉइंट २५ आहे, रात्री एसी बंद झाला, खोली २९ला गेली, म्हणजे कॉलमही २९च्या आसपास गेला. मे महिन्यात कोकणपट्टीतल्या आणि विदर्भातल्या लॅबमध्ये हे हमखास होतं, आणि दुपारची आरटी सकाळच्या आरटीशी जुळत नाही. मेथड बनवतानाच ओव्हनचं तापमान खोलीपेक्षा किमान पाच अंश वर ठेवलं तर हा त्रास मुळातच उरत नाही.

तयार मिश्रणाची चाचणी

चार लाइनच्या, कमी दाबावर मिसळणाऱ्या पंपात दोन बाटल्यांतून मशिनकडून मिश्रण करून घेत असाल तर ही चाचणी फार उपयोगी आहे. तेच प्रमाण हाताने एका बाटलीत तयार करा आणि एकाच लाइनवरून १०० टक्के चालवा. आरटी स्थिर झाली तर कॉलम, इंजेक्टर, ओव्हन आणि पंप हेड सगळे निर्दोष ठरले. दोष मिसळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, त्याच्याआधीच्या एखाद्या लाइनमध्ये किंवा डिगॅसरच्या एखाद्या चॅनलमध्ये आहे. मग लाइनची अदलाबदल करून बघा: दोष नव्या लाइनबरोबर गेला की जुन्या जागीच राहिला, यावरून जागा कळते. मिश्रण बदलूनही आरटी सरकतच असेल तर पुढे चला.

चेक व्हॉल्व्ह

प्रेशरची लाट पंपाच्या स्ट्रोकशी ताल धरून येते का ते बघा. फ्लो अर्धा केल्यावर लाटही दुप्पट अंतराने यायला लागली तर हेडमधलाच दोष. (काही पंप फ्लोप्रमाणे स्ट्रोकची लांबी आपोआप बदलतात, त्यात आधी स्ट्रोक कायम ठेवा.) व्हॉल्व्हमध्ये माणकाची बारीक गोळी नीलमण्याच्या बैठकीवर बसते. तिच्यावर मिठाचा कण किंवा चिकट थर आला की ती पूर्ण मिटत नाही आणि त्या स्ट्रोकचा काही द्रव उलटा जातो. निव्वळ अ‍ॅसिटोनायट्राइलच्या लाइनवर गोळी चिकटण्याची तक्रार जास्त येते. मेथडला चालत असेल तर त्या बाटलीत पाच टक्के पाणी घातल्याने फरक पडतो.

पंप बंद, प्रेशर शून्य, डोळ्यांवर चष्मा. व्हॉल्व्ह काढून तो कार्ट्रिजसकट, न उघडता, पाण्यात आणि मग आयसोप्रोपेनॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटं सोनिकेट करा. बसवताना बाणाची दिशा वरच असावी. उलटा बसवला तर पंप काहीच ढकलणार नाही. इनलेटचा व्हॉल्व्ह आधी करा, तोच जास्त वेळा दोषी असतो. सोनिकेट करून दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच झालं तर व्हॉल्व्ह बदला.

नायट्रिक अ‍ॅसिड लावून सिस्टिम धुण्याचा सल्ला इथे कुणीतरी देईलच. लाइनमध्ये मिथेनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा आयसोप्रोपेनॉल शिल्लक असताना नायट्रिक अ‍ॅसिड आत गेलं तर ते धोकादायक आहे. हे काम स्वतः करू नका.

सील, आणि शेवटी कॉलम

सील बदलणं प्रशिक्षण घेतलेल्या अ‍ॅनालिस्टला जमतं, मशिनच्या मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असतो आणि सीलचा खर्चही सोसण्याजोगा असतो. हेड काढल्यावर प्लंजर नखाने नाही, उजेडात फिरवून बघा. नीलमण्याचा असतो, त्यावर उभी रेघ दिसली तर नवं सील टाकून उपयोग नाही, ती रेघ नवं सीलही कापेल. सील वॉशची बाटली कोरडी पडलेली सापडते तीही इथेच. तिच्यात १० टक्के आयसोप्रोपेनॉल भरलेलं ठेवा, म्हणजे प्लंजरवर मीठ वाळत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, टी-झिरो आणि एरिया स्थिर आहेत, आरटी आठवड्यागणिक कमी होतेय आणि थिअरेटिकल प्लेट्स (कॉलमच्या कार्यक्षमतेचं माप) घसरताहेत, तर आता कॉलमवर बोट ठेवता येईल. आधी गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा संरक्षक कॉलम) काढून बघा. मग मोबाइल फेजच्याच प्रमाणातलं, पण बफरऐवजी साधं पाणी असलेलं मिश्रण वीस कॉलम व्हॉल्यूम चालवा. या मापाच्या कॉलमचं व्हॉल्यूम सुमारे २.५ मिली, म्हणजे ५० मिली. त्यानंतर ऑरगॅनिक वाढवत न्या. बफर असताना थेट ८०-९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल लावलं तर फॉस्फेट कॉलममध्येच बाहेर पडेल, आणि शंभर टक्के पाणी साध्या सी-१८ला मानवत नाही.

इथे थांबा, इंजिनिअरला बोलवा

प्लंजरवर रेघ असेल. डिगॅसर व्हॅक्यूमची एरर देत असेल किंवा त्याच्या चेंबरमध्ये द्रव गेला असेल. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आतून एका लाइनचा द्रव दुसरीत सोडत असेल. पंपातून खरखर किंवा ठोके ऐकू येत असतील. प्रेशर सेन्सर शून्य दाखवत नसेल. सील आणि चेक व्हॉल्व्ह दोन्ही बदलूनही फ्लो बसत नसेल. मशिन वॉरंटीत असेल तर त्याआधीच, पहिला स्क्रू सोडण्यापूर्वी फोन करा. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असेल तर करारात काय सुटं करायला परवानगी आहे ते वाचा.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: एकावर एक ठेवलेले दोन क्रोमॅटोग्राम, प्रेशरचा ग्राफ, फ्लास्कने मोजलेला फ्लो आणि तयार मिश्रणाच्या चाचणीचा निकाल. एवढं हातात असलं की इंजिनिअर योग्य सुटा भाग घेऊनच निघतो आणि दुसरी फेरी वाचते.

इंजिनिअर गेल्यावर लगेच नमुने लावू नका. हेडमधला कोणताही भाग बदलला असेल तर फ्लोची अचूकता पुन्हा तपासून कॅलिब्रेशनची नोंद करा, क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) सही घ्या, आणि मग स्टँडर्डची पाच इंजेक्शनं नव्याने लावा.